सत्कार झाले, रस्ता राहिला

१९ जानेवारी २०२६ ला पुण्यात एक शर्यत सुरू होते आहे. पुणे ग्रँड टूर. पाच दिवस, ४३७ किलोमीटर, परदेशी व्यावसायिक संघ आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या दिनदर्शिकेतला २.२ हा दर्जा. टप्प्याटप्प्यांची अशी शर्यत आपल्या देशात, आपल्या राज्यात होणार, म्हणून नाशिकच्या सायकलवाल्यांमध्ये गेले दोन महिने दुसरा विषय नाही. पुण्यात कोणाकडे उतरायचं, कोणत्या चढावर जागा धरायची, यावर रात्री बारापर्यंत बोलणी चालतात. काहींनी तर सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, आळेफाटा असं करत सायकलनंच पुणं गाठायचं ठरवलं आहे. मीही जाणार आहे आणि मनापासून आनंदात आहे. पण त्या आनंदात एक सल आहे. ही शर्यत बघायला नाशिककरांना पुण्याला जावं लागतंय. महाराष्ट्रात असं काही पहिल्यांदा कुठे होईल, असं दहा वर्षांपूर्वी कोणी विचारलं असतं, तर मी क्षणही न दवडता नाशिकचं नाव घेतलं असतं.

त्याआधीचा काळ भरभर सांगून टाकतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची पाळी सुटली की कॅरिअरला डबा लावलेल्या काळ्या सायकली रांगेनं घरी निघायच्या. मग स्कूटी आल्या, मोटारसायकलींना हप्त्यांवर कर्ज मिळू लागलं, आणि सायकल शाळकरी मुलांपुरती उरली. शर्यत म्हणजे आमच्यासाठी मुंबई-पुणे. बोरघाट पहिला चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत, त्याचा फोटो पेपरात यायचा. नंतर केबलवर जुलै महिन्यात टूर द फ्रान्स दिसू लागली आणि पिवळी जर्सी म्हणजे काय, हे कळलं. आमच्यापैकी बहुतेकांचा पहिला हीरो लान्स आर्मस्ट्राँग. २०१२ मध्ये त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली, तेव्हा फार लागलं होतं.

गंमत अशी की, नाशिकचं दशक त्याच २०१२ च्या सुमारास सुरू झालं. हरीश बैजल यांच्यासारखा पोलीस अधिकारी स्वतः सायकलवर बसला, लोकांना बसवू लागला. नाशिक सायकलिस्ट्स ही संस्था उभी राहिली. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघू लागली. पहिल्या वर्षी ‘वारी पायी करायची असते’ असं ऐकवणारे नंतर स्वतःच नाव नोंदवायला आले. वारीत कापडाचे व्यापारी होते, शिक्षिका होत्या, निवृत्त बँकवाले होते, पासष्टी ओलांडलेले आजोबा होते. तीन दिवस एकमेकांची पंक्चर काढत, एकमेकांच्या बाटल्या भरत चाललेली ती माणसं मी पाहिली आहेत. शहरातल्या शहरात जे एकमेकांना नमस्कारही करत नसत, ते टेंभुर्णीच्या उन्हात एका टरबुजाच्या फोडी वाटून खात होते.

मग पहाटे गोल्फ क्लब मैदानावर जमणं आलं. साडेपाचला दिव्यांची ओळ त्र्यंबक रस्त्याला लागायची. अंजनेरी डाव्या हाताला ठेवून त्र्यंबकेश्वर, कधी पुढे पहिन्याच्या खिंडीतून घोटीकडे. पावसाळ्यात तिथं अंगावर धबधब्याचे तुषार यायचे. रविवारी कसारा उतरून पुन्हा चढायचा, आणि परतताना पापड चुरून मिसळ. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, हा शब्द घरोघरी कळू लागला. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. यात पहिला-दुसरा कोणी नसतो, वेळेत पोचला तो पोचला. एका मोसमात चारही अंतरं पुरी केली की ‘सुपर रँडोनर’. ही पदवी मिळवलेल्या माणसाकडे भाजीबाजारातही लोक वळून बघायचे.

आणि मग २०१५ चा जून. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, दोघे भाऊ, एक भूलतज्ज्ञ, एक दंतवैद्य. रेस अक्रॉस अमेरिका, आमच्या भाषेत ‘रॅम’, ही शर्यत त्यांनी दोघांच्या संघात पुरी केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडला पॅसिफिकच्या काठावरून निघायचं आणि मेरीलँडमधल्या ॲनापोलिसला अटलांटिकच्या बाजूला पोचायचं. सुमारे ४८०० किलोमीटर, बारा राज्यं, बावन्न हजार मीटरच्या आसपास चढाई. संघांना मुदत नऊ दिवसांची. फ्रान्सच्या शर्यतीत संध्याकाळी टप्पा संपला की घड्याळ थांबतं, स्वार मालिश करून झोपतो. रॅममध्ये घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत थांबत नाही. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत जेमतेम डोळा लावून, मग अदलाबदल. आधी वाळवंटाची भट्टी, मग कोलोरॅडोत दहा हजार फुटांच्या वरची वुल्फ क्रीक खिंड, मग कॅन्सासची सपाट, आडव्या वाऱ्याची कंटाळवाणी जमीन, आणि शरीर संपत आलेलं असताना ॲपलाशियन डोंगरांचे छोटे पण खडे चढ.

ते आठ-नऊ दिवस मी विसरणार नाही. तिथली रात्र म्हणजे आपला दिवस. दवाखान्यात, दुकानात, कचेरीत लोक मोबाइलवर नकाशा उघडून बसलेले. ठिपका हलला का? पुढचं नोंद-ठाणं कधी येणार? ज्यांनी आयुष्यात कधी गिअरची सायकल हातात धरली नव्हती, तेही ‘आता मिसुरी ओलांडली’ असं सांगत होते. ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत ते पोचले. रॅम पूर्ण करणारा पहिला भारतीय संघ नाशिकचा होता. स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून, भल्या पहाटे आपल्याच घाटांत सराव करून, मित्रांचा क्रू जमवून.

दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी हीच शर्यत एकट्यानं पुरी केली. एकट्यानं ती पार करणारे ते पहिले भारतीय. मुळात ते बंगळुरूचे, लष्करातले डॉक्टर, पण नेमणूक नाशिकला आणि सराव आमच्या रस्त्यांवर, म्हणून आम्ही त्यांना आमचेच मानलं. त्याआधीच्या वर्षी त्यांना शर्यत अर्ध्यात सोडावी लागली होती. पुन्हा वर्षभर तयारी करून ते गेले आणि बारा दिवसांच्या मुदतीत, ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पोचले. त्यांच्या मागोमाग नागपूरचे डॉ. अमित समर्थ. एकाच वर्षी दोन भारतीय, दोघेही महाराष्ट्रातून गेलेले, दोघेही डॉक्टर. समर्थ पुढच्या वर्षी रशियातली ट्रान्स-सैबेरियन, नऊ हजारांवर किलोमीटरची, तीही पुरी करून आले. त्या वर्षांत सायकलिंगबद्दल लिहायचं तर पत्रकार नाशिकचा फोन फिरवत.

या सगळ्याचं पुढे काय झालं?

सत्कार झाले. ढोल, फेटे, शाली, उघडी जीप. ते व्हायलाच हवे होते. पण प्रत्येक व्यासपीठावरून ‘नाशिकला सायकलिंगची राजधानी करू’ असं जे सांगितलं गेलं, ते टाळ्या थांबल्या की तिथंच राहिलं. झेंडा दाखवायला पहाटे येणारे मान्यवर मी पुष्कळ पाहिले. सायकलींना झेंडा दाखवून ते गाडीत बसत, आणि त्यांची गाडी ज्या खड्ड्यांतून जाई त्याच खड्ड्यांत आमची चाकं वाकत. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम सव्वा किलोमीटरचाही नसलेला रस्ता ‘स्मार्ट’ झाला, त्याला सायकलची पट्टी मिळाली, आणि तिथं आज बहुतेक वेळा दुचाक्या उभ्या असतात. भाड्याच्या सायकलींची योजना वाजतगाजत आली आणि गंजून गेली. भाड्यानं सायकल घेऊन ती चालवायची कोणत्या रस्त्यावर, हे कोणी ठरवलंच नव्हतं.

दुसरं दुःख घरातलं आहे आणि ते जास्त खोल आहे. आमच्या चळवळीतल्या कर्त्या मंडळींशी मी तेव्हा बैठकांमध्ये भांडलो होतो. माझं म्हणणं एवढंच होतं की, आपण पन्नाशीतल्या माणसांना ६०० किलोमीटर चालवायला शिकवतो आहोत, फार चांगलं. पण पंधरा वर्षांचा मुलगा कुठे आहे? मला सांगितलं गेलं, ‘तो आपोआप येईल’. आपोआप कोणी आलं नाही. आल्या त्या दीड-दोन लाखांच्या कार्बनच्या सायकली, जर्सी आणि मेडल. ज्याच्याकडे साधी सायकल, तो मागे राहू लागला आणि हळूहळू यायचा थांबला.

याच जिल्ह्यानं धावण्यात काय केलं ते आठवा. सावरपाड्याची कविता राऊत, डोंगरातली आदिवासी मुलगी, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ घेऊन आली, पुढे रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावली. त्याच रिओत चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ नौका वल्हवत होता. ज्या गावात प्यायच्या पाण्याची ओढ, तिथला मुलगा लष्करात जाऊन वल्हं हातात घेतो आणि ऑलिम्पिकपर्यंत पोचतो. या दोघांनाही कोणीतरी वेळेवर हेरलं होतं, कोणीतरी त्यांच्यामागे वर्षानुवर्षं उभं राहिलं होतं. पेठ-सुरगाण्याच्या चढांवरून रोज शाळेत सायकल दामटणाऱ्या पोरांच्या मांड्यांत केवढी ताकद असेल! त्यांना एक बरी सायकल आणि एक प्रशिक्षक द्यायला आमच्या शहराला एवढ्या वर्षांत जमलं नाही. ऑलिम्पिकच्या सायकलिंगमध्ये भारत १९६४ च्या टोकियोनंतर दिसलेला नाही. ती रिकामी जागा भरण्याचा प्रयत्न नाशिकमधून सुरू होऊ शकला असता.

करोनानंतरच्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. राइड होतात, वारी निघते, नवे लोक येतात, जातात. पण त्र्यंबक रस्त्यावर पहाटे जायला आता घरचे नको म्हणतात. मुंबईचा महामार्ग पावसाळाभर खड्ड्यांत असतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, इगतपुरीचा लांबलचक बोगदा झाला. मोटारींचा प्रवास सोपा झाला, तिथं सायकलला प्रवेशच नाही. आता सिंहस्थाची कामं सुरू आहेत. सगळीकडे खोदकाम, तपोवनातल्या झाडांच्या तोडीवरून अख्खं शहर अस्वस्थ. कुंभासाठी एवढे कोटी खर्चून जे रस्ते होतील, त्यांच्या कडेला सायकलला दोन मीटर जागा मिळावी, ही मागणी अनेकांनी अनेकदा केली. आराखड्यात ती मला अजून कुठे दिसलेली नाही.

आणि तिकडे पुणे जिल्ह्यात शर्यतीसाठी रस्त्यांवर नवं डांबर पडलं. मला पुणेकरांचा हेवा वाटत नाही. त्यांनी मनावर घेतलं, प्रशासन उभं राहिलं, शर्यत येते आहे. शंभर-दीडशे स्वारांचा एक जथा एकमेकांच्या पाठीशी वारा चुकवत ताशी पन्नासच्या वेगानं अंगावरून जातो, तेव्हा हवेचा जो लोट येतो आणि साखळ्यांचा जो आवाज होतो, तो मी आजवर फक्त पडद्यावर ऐकला आहे. एकट्यानं अंधारात तासन् तास पेडल मारण्याची थोरवी आम्हाला माहीत आहे, तिच्यासाठी आम्ही जीव टाकला आहे. पण संघानं पळणं, सहकाऱ्याला वाऱ्यापासून झाकत नेऊन शेवटच्या दोनशे मीटरला सोडणं, चढावर नेमक्या क्षणी हल्ला करणं हा खेळ आमच्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. तो त्यांनी पाहावा म्हणून हरसूलकडच्या एका आश्रमशाळेतली काही मुलं बरोबर न्यायची असं आम्ही काहीजणांनी ठरवलं आहे. गाडीचा खर्च जमला आहे, शाळेची परवानगीही मिळाली आहे.

पुढल्या वेळी एक टप्पा इकडे आणा, असं निवेदन आम्ही तयार करतो आहोत. मार्गही सुचवला आहे: गोल्फ क्लबवरून निघून त्र्यंबकेश्वर, पहिने, घोटी, तिथून भावली धरणाच्या कडेनं इगतपुरी, आणि परत. दुसरा पर्याय दिंडोरी, वणी आणि सप्तशृंगी गडाच्या चढावर शेवट. गडावर शेवट ठेवला तर चढाच्या प्रत्येक वळणावर माणूस उभा करायची जबाबदारी आमची, हे निवेदनात लिहूनच दिलं आहे. ते घेऊन १९ तारखेला पुण्यात जाऊ आणि ज्यांच्या हातात आहे त्यांच्या हातात देऊ.