ग्राफिक्स सुधारले म्हणून रूप बदलले? व्हिडिओ गेममधील पात्रांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हिडिओ गेममधील पात्राचे रूप म्हणजे त्याची अंगकाठी, चेहरा, पोशाख, रंग आणि उभे राहण्याची ढब. गाजलेल्या पात्रांची रूपे दर काही वर्षांनी बदलत आली आहेत. १९८१ च्या 'डाँकी काँग'मधला मारिओ आणि २०१७ च्या 'सुपर मारिओ ओडिसी'मधला मारिओ शेजारीशेजारी ठेवले, तर नाव सांगितल्याशिवाय एकाची ओळख दुसऱ्यावरून पटणे कठीण जाईल. हा बदल का झाला, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: पूर्वीची यंत्रे दुबळी होती, चित्र नीट काढता येत नव्हते, ग्राफिक्स सुधारत गेले तशी पात्रे 'खरीखुरी' दिसू लागली.

या उत्तरात तथ्याचा अंश आहे, पण तोच पूर्ण खुलासा म्हणून सांगितला जातो. त्यामुळे दोन चुकीच्या समजुती रुजतात. जुने रूप म्हणजे नाइलाजाने स्वीकारलेली तडजोड, ही पहिली. नवे रूप म्हणजे आपोआप घडलेली प्रगती, ही दुसरी. वस्तुस्थिती दोन्हींच्या विरुद्ध आहे.

मुख्य गैरसमज: 'यंत्र सुधारले, म्हणून रूप बदलले'

आधी या म्हणण्यात जेवढे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. 'डाँकी काँग'मधला मारिओ १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनात बसवलेला होता, म्हणजे सारा माणूस २५६ ठिपक्यांत उभा करायचा होता. त्याचे रेखन करणारे शिगेरू मियामोतो यांनी या रूपाची कारणे अनेकदा सांगितली आहेत. निन्टेंडोचे तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांच्याशी झालेल्या प्रकाशित संभाषणांतही हा विषय येतो. एवढ्या जागेत तोंड दाखवणे शक्य नव्हते, म्हणून मोठे नाक आणि त्याखाली मिशी आली. उडी मारताना केस हलताना दाखवणे अवघड होते, म्हणून टोपी आली. चालताना हात धडापासून वेगळे दिसावेत म्हणून डंगरी आणि वेगळ्या रंगाचा शर्ट आला.

रंगांचा हिशोबही यंत्राने घातलेला होता. फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर हलत्या आकृतीच्या प्रत्येक भागाला, पारदर्शक जागा सोडून, तीनच रंग मिळत. म्हणून १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये टोपी आणि डंगरी लाल, त्वचेला एक रंग, आणि केस, मिशी, शर्ट व बूट हे सगळे एकाच तपकिरी रंगात आहेत. 'डाँकी काँग'मध्ये डंगरी लाल आणि शर्ट निळा होता. निळी डंगरी आणि लाल शर्ट ही आजची जोडी त्यानंतर रुळली. बहुतेकांचे स्पष्टीकरण इथेच थांबते. खरा प्रश्न मात्र इथून पुढे सुरू होतो.

यंत्राची अडचण हेच एकमेव कारण असते, तर अडचण दूर झाल्यावर टोपी आणि मिशीही जायला हवी होती. १९९६ मध्ये 'सुपर मारिओ ६४' त्रिमितीत आला. तोंड दाखवता येत होते, केसही दाखवता येत होते. तरीही मिशी राहिली, टोपी राहिली, डंगरी राहिली. 'ओडिसी'मध्ये तर खेळाची मुख्य करामतच टोपीवर बेतलेली आहे: मारिओ ती फेकतो, ती ज्या प्राण्यावर बसते त्याचा ताबा त्याला मिळतो. अडचणीतून आलेली वस्तू छत्तीस वर्षांनी खेळाचे साधन झाली. 'जमत नव्हते म्हणून तसे होते' या वाक्यात हा प्रवास बसत नाही.

याहून स्पष्ट पुरावा 'द लिजंड ऑफ झेल्डा'चा नायक लिंक याचा आहे. ऑगस्ट २००० मध्ये निन्टेंडोने आपल्या नव्या गेमक्यूब यंत्राची ताकद दाखवण्यासाठी एक चित्रफीत दाखवली. त्यात लिंक वास्तवाकडे झुकणारा, तलवार घेऊन लढणारा तरुण होता. वर्षभराने प्रत्यक्ष खेळाची झलक आली, तेव्हा पडद्यावर व्यंगचित्रपटात शोभेल असा मोठ्या डोळ्यांचा, बुटका मुलगा होता. तो खेळ, 'द विंड वेकर', डिसेंबर २००२ मध्ये जपानमध्ये आला. पुढे २००६ मध्ये 'ट्वायलाइट प्रिन्सेस' आला. त्यातला लिंक पुन्हा उंच, गंभीर आणि वास्तववादी होता. हे दोन्ही खेळ गेमक्यूबवर चालत. यंत्र एकच, नायक एकच, आणि रूपे मात्र परस्परांपासून पूर्ण वेगळी. रूप यंत्राच्या ताकदीवरूनच ठरते असे म्हणणाऱ्यांनी या जोडीचा खुलासा केला पाहिजे. तो होत नाही. तरीही तेच विधान पुढच्या संभाषणात जसेच्या तसे ऐकू येते.

'विंड वेकर'मधले मोठे डोळे केवळ गोंडसपणासाठी नव्हते. जवळपास शत्रू, वस्तू किंवा कोड्याचा दुवा असला की लिंकची नजर तिकडे वळते. खेळणाऱ्याने कुठे पाहायचे हे डोळेच सांगतात. १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये हे काम नावी नावाच्या परीकडे होते. इथे ते चेहऱ्याकडे आले. लहान डोळ्यांनी ते साधले नसते.

लिंकच्या हाताची गोष्टही बोधक आहे. तो मूळचा डावखुरा. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'ची वी यंत्रासाठीची आवृत्ती तयार होताना तलवार रिमोट हलवून चालवायची ठरले, आणि बहुतेक लोक रिमोट उजव्या हातात धरतात. उपाय म्हणून त्या आवृत्तीतले सारे जगच आरशासारखे उलटवले गेले; लिंक उजखुरा झाला आणि पूर्वेकडच्या जागा पश्चिमेला गेल्या. गेमक्यूबच्या आवृत्तीत तो डावखुराच राहिला. हा बदलही यंत्रामुळेच झाला, पण चित्राच्या स्पष्टतेमुळे नव्हे, तर खेळणाऱ्याच्या हातात काय आहे यामुळे.

जास्त ताकदीचे यंत्र मिळाले की चित्रकार वास्तववादाकडेच जातो, ही या गैरसमजाची पुढची पायरी. 'टीम फोर्ट्रेस २' हा खेळ १९९९ मध्ये वास्तववादी सैनिकी थाटात दाखवला गेला होता. २००७ मध्ये तो प्रत्यक्ष आला, तेव्हा यंत्रे कितीतरी पुढे गेली होती, आणि पात्रे मात्र जुन्या अमेरिकन जाहिरातचित्रांसारखी ठसठशीत, अतिशयोक्त झाली होती. याचे कारण हा खेळ बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीच्या चित्रकारांनी आणि तंत्रज्ञांनी त्याच वर्षी एका शोधनिबंधात मांडले आहे. दुरून येणारे पात्र कोणत्या प्रकारचे आहे हे नुसत्या बाह्याकृतीवरून कळावे. रंगावरून संघ कळावा. हातातले शस्त्रही कळावे. म्हणून छातीच्या भागात, जिथे शस्त्र धरलेले असते, रंगांचा विरोध सर्वांत जास्त ठेवला. चित्रकार जे. सी. लायेनडेकर यांच्या शैलीचा आधारही निबंधात नोंदवला आहे. वेगवान लढाईत क्षणार्धात ओळख पटणे ही खेळाची गरज होती, आणि वास्तववादी गणवेशातल्या एकसारख्या सैनिकांनी ती भागली नसती.

कॅमेऱ्याची जागा हे आणखी एक कारण, ज्याकडे क्वचितच लक्ष जाते. बाजूने दिसणाऱ्या खेळात पात्राची आडवी आकृती महत्त्वाची. मागून दिसणाऱ्या खेळात पाठ, खांदे आणि केस. २००५ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये कॅमेरा बराच दूर असे. राखेने पांढरे पडलेले अंग आणि त्यावरचा लाल पट्टा ही नायक क्रेटोसची खूण त्या अंतरावरूनही उठून दिसे. २०१८ च्या खेळात दिग्दर्शक कोरी बारलॉग यांनी कॅमेरा त्याच्या खांद्यामागे आणला आणि सारी कथा एकही तुकडा न पाडता, सलग दृश्यात सांगितली. आता चेहरा जवळून दिसणार होता आणि कथा एका बापाची होती. दाढी आली, वय दिसू लागले, आणि एके काळी साखळ्यांनी भाजलेले हात पट्ट्यांखाली झाकले गेले. रूप बदलले ते कथेसाठी आणि कॅमेऱ्यासाठी. नव्या यंत्राने ते तपशिलात दाखवता आले, एवढेच.

लारा क्रॉफ्टच्या बाबतीत दोन्ही प्रकारचे बदल वेगळे करून पाहता येतात. १९९६ च्या पहिल्या 'टूम रेडर'मध्ये चित्रफितींत तिची लांब वेणी दिसते, पण खेळताना केस बांधलेले असतात. हलती वेणी १९९७ च्या दुसऱ्या भागात आली. हा बदल तंत्राचा. २०१३ मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्स या कंपनीने तिला नवखी, जखमी होणारी, धनुष्यबाण वापरणारी तरुणी केले आणि आखूड चड्डीऐवजी लांब पँट दिली. हा बदल कथेचा आणि दृष्टिकोनाचा. दोन्हींना 'ग्राफिक्स सुधारले' या एकाच नावाखाली घालणे म्हणजे कारण सांगणे नव्हे, कारण शोधायचे टाळणे आहे.

जुनी चित्रे तेव्हा कशी दिसत

'जुनी पात्रे कडक चौकोनी ठिपक्यांची होती' ही समजूत आजच्या सपाट पडद्यांनी निर्माण केली आहे. त्या काळचा टीव्ही पिक्चर ट्यूबचा. त्यावर ठिपक्यांच्या कडा पसरत, शेजारचे रंग एकमेकांत मिसळत आणि आडव्या रेषांमधून छटा तयार होत. चित्रकार हे गृहीत धरूनच ठिपके ठेवत. एकाआड एक ठेवलेले दोन रंग पडद्यावर तिसऱ्या रंगासारखे दिसत. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या नकला असलेल्या यंत्रांत कॅसेट घालून मारिओ खेळला गेला, तोही अशाच टीव्हीवर. तेच चित्र आज मोबाइलवर मोठे करून पाहिले की कडा करवतीसारख्या दिसतात. तो दोष मूळ रेखनाचा नाही. जुन्या-नव्या रूपांची शेजारीशेजारी ठेवलेली चित्रे पाहताना ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर तुलनाच चुकीची ठरते.

इतर गैरसमज, थोडक्यात

'पॅकमॅनचे रूप तुकडा काढलेल्या पिझ्झावरून आले.' हे अर्धेच खरे आहे, असे खुद्द पॅकमॅनचे निर्माते तोरू इवातानी यांनी १९८६ च्या 'प्रोग्रॅमर्स ॲट वर्क' या पुस्तकातील मुलाखतीत सांगितले आहे. 'तोंड' या अर्थाचे चौकोनी जपानी अक्षर गोलसर करणे हाही त्या आकाराचा उगम आहे.

'किर्बी आधी पांढरा होता, मग गुलाबी झाला.' निर्माते मासाहिरो साकुराई यांच्या मनात तो पहिल्यापासून गुलाबीच होता. १९९२ चा पहिला खेळ एकरंगी गेम बॉयवर आला आणि अमेरिकेतल्या खोक्यावर त्याला पांढरा छापले गेले.

'मेगा मॅनचे मूळ रूप केइजी इनाफुने यांचे.' ते आपण हा खेळ बनवणाऱ्या कंपनीत आलो तेव्हा तयारच होते, हे इनाफुने यांनी स्वतः सांगितले आहे; ठिपक्यांतले मूळ रेखन अकिरा कितामुरा यांचे.

'खोक्यावरचे चित्र म्हणजे पात्राचे अधिकृत रूप.' १९८७ च्या 'मेगा मॅन'च्या अमेरिकन खोक्यावर पिस्तूल घेतलेला एक प्रौढ माणूस आहे. खेळात हातालाच तोफ असलेला छोटा निळा यंत्रमुलगा आहे.

'फक्त रंग बदललेली पात्रे म्हणजे आळस.' १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स'मधला लुइजी आणि १९९२ च्या 'मॉर्टल काँबॅट'मधले स्कॉर्पियन व सब-झीरो हे मर्यादित स्मृतीत जास्त पात्रे बसवण्याचे उपाय होते. लुइजीची उंच, सडपातळ अंगकाठी नंतर घडवली गेली.

'लाराचे रूप एखाद्या मॉडेलवरून घेतले.' मॉडेल जाहिरातीसाठी नेमल्या गेल्या. मूळ रेखन डर्बी येथील कोअर डिझाइन या कंपनीतल्या टोबी गार्ड यांचे.

'चाहते ओरडले की रूप बदलतेच.' कधी बदलते, कधी नाही. एप्रिल २०१९ मध्ये 'सॉनिक' चित्रपटाची झलक आल्यावर एवढी टीका झाली की दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी दोन दिवसांत नव्या रूपाची घोषणा केली आणि चित्रपट फेब्रुवारी २०२० वर गेला. 'विंड वेकर'च्या लिंकवरही सडकून टीका झाली होती. तो मात्र दाखवला तसाच आला, आणि २०१३ मध्ये त्याच रूपात पुन्हा प्रकाशित झाला.

'नवे रूप आले की जुने संपते.' १९९१ चा सॉनिक ठेंगणा, गोल पोटाचा आणि काळ्या डोळ्यांचा होता. १९९८ च्या 'सॉनिक ॲडव्हेंचर'साठी चित्रकार युजी उएकावा यांनी त्याला लांब पाय, लांब काटे आणि हिरवे डोळे दिले. २०११ च्या 'सॉनिक जनरेशन्स'मध्ये दोघेही एकाच खेळात धावले, आणि २०१७ च्या 'सॉनिक मेनिया'चा नायक तो पहिला, ठेंगणा सॉनिकच आहे.