आय ड्रॉप्स आणि इनहेलर: औषध बरोबर आहे, पण पद्धत चुकत तर नाही ना?

घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण वाडीतून थेट घरी आल्यावर हाताला चिकूचा चीक आणि धूळ लागलेली असते. त्याच हाताने आजीच्या डोळ्यात ड्रॉप्स घातले, तर जंतूही डोळ्यात जातात. म्हणून पहिली पायरी साबणाने हात धुण्याची.

डोळ्यात ड्रॉप्स कसे घालावेत?

- मान मागे करून खालची पापणी हलकेच ओढा आणि तिथल्या खोबणीत एक थेंब सोडा. बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला लागू देऊ नका.
- एकाच औषधाचे दोन थेंब लागोपाठ घालू नका. दुसरा थेंब गालावरच ओघळतो.
- डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा १ ते २ मिनिटे दाबून धरा. तिथून एक बारीक नळी नाकात उतरते आणि त्या वाटेने औषध रक्तात जाते.
- दोन वेगळी औषधे असतील, तर मध्ये ५ मिनिटे थांबा.
- बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. बहुतेक ड्रॉप्स उघडल्यानंतर महिनाभरच वापरायचे असतात.

दमा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना का सांगावे?

काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉल रक्तात गेले, तर श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. दमा असलेल्या माणसाला यामुळे जोराची धाप लागू शकते. म्हणून डोळे तपासतानाही दम्याची माहिती द्या.

इनहेलर कसा घ्यावा?

- पंप: हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा. सावकाश श्वास घेत पंप दाबा आणि १० सेकंद श्वास रोखा. लहान मुले आणि वृद्धांना स्पेसरने सोपे जाते.
- कॅप्सूलचा इनहेलर: इथे उलट, श्वास जोरात आणि खोल ओढायचा. त्यात फुंकू नका. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पावडरची गुठळी होते, म्हणून कॅप्सूल ऐनवेळीच पाकिटातून काढा. ती गिळू नका.
- स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते.

पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर लगेच १०८ ला फोन करा.

औषधाचा गुण येत नसेल, तर डोस स्वतःहून वाढवू नका. आधी नर्स किंवा डॉक्टरांसमोर ते घेऊन दाखवा. चूक बऱ्याचदा तिथेच सापडते.