ताबा घेण्यापूर्वी घराची नोंद

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. कारखान्यांमागोमाग कामगार आले आणि पवनेकाठच्या पिंपळे गुरवसारख्या गावांतून भाड्याच्या घरांची वस्ती वाढली. मराठवाडा, विदर्भ वा खानदेशातून येणाऱ्या कामगाराचा येथील पहिला निवारा बहुधा भाड्याचाच असतो. त्यासाठी तो जी अनामत रक्कम देतो, ती त्याच्या कित्येक महिन्यांच्या काटकसरीची पुंजी असते.

वाद उद्भवतो तो घर सोडतेवेळी. भिंतीची ओल, तडकलेली फरशी, गळका नळ हे दोष पूर्वीचे की नंतरचे, हा प्रश्न उपस्थित होतो आणि अनामत अडकून पडते. मालकाचेही नुकसान होऊ शकते. पण पुरावा दोघांपाशीही नसतो.

कायदा काय सांगतो?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, भाडेकरूने घर ज्या स्थितीत घेतले त्याच स्थितीत परत करावयाचे असते. वाजवी वापराने होणारी झीज मात्र यातून वगळली आहे. साहजिकच, मूळ स्थिती कोणती होती हे ठाऊक असल्याखेरीज या तरतुदीचा उपयोग होत नाही.

दिनांक ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये भाडेकरार, तसेच 'लीव्ह अँड लायसन्स' करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांचा करारही यास अपवाद नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असून, कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नोंद कशी करावी?

सामान आत येण्यापूर्वी, दिवसाउजेडी, दोन्ही पक्षांनी घर एकत्र पाहावे. भिंती, छत, फरशी, दारे, कड्या, खिडक्यांच्या काचा, नळ, शौचालय, पंखे व विजेची बटणे यांची खोलीवार यादी करावी. किल्ल्यांची संख्या आणि वीजमापकावरील आकडा लिहावा. "घर सुस्थितीत आहे" असे मोघम लिहिण्याऐवजी "मोरीलगतच्या भिंतीस ओल, खिडकीची एक काच तडकलेली" असे नेमके लिहावे. तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. यादीच्या दोन प्रतींवर उभयतांनी स्वाक्षऱ्या कराव्यात व शक्य असल्यास ती कराराचे परिशिष्ट म्हणून जोडावी.

उन्हाळ्यात घर घेतल्यास छताची गळती दिसत नाही. ती पहिल्या पावसात आढळताच मालकास लेखी कळवावी व पोच घ्यावी. घर सोडताना तीच यादी हाती घेऊन पुन्हा पाहणी केली म्हणजे झीज कोणती आणि नुकसान कोणते, याचा उलगडा जागच्या जागी होतो.

चाकण परिसरातील गावांतही आता भाड्याच्या खोल्या वाढत आहेत. तेथील ग्रामपंचायतींनी अशा यादीचा छापील नमुना उपलब्ध करून दिल्यास आणि शिक्षकांनी नवागत कुटुंबांस तो भरण्यास साहाय्य केल्यास अनेक तंटे उद्भवण्यापूर्वीच मिटतील. एका कागदाने कष्टाची अनामत सुरक्षित राहते आणि मालकाचे घरही.