आंबा पाडाला लागलाय... आता?

पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर धप्पकन कैरी आदळते. तुम्ही आधी वर बघता की डेंट बघता? खरं सांगा! सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाडाचा विषय निघतो तो असाच, तक्रारीच्या सुरात. आणि त्याच आठवड्यात त्याच बिल्डिंगमध्ये हापूसच्या पेट्यांवर पेट्या येऊन पडतात. कमाल आहे की नाही?

‘आमच्या झाडाचे आंबे आंबटच असतात हो,’ हे वाक्य तर सगळीकडे ऐकू येतं. बिचारं झाड! बऱ्याचदा ते आंबे कोवळेच काढलेले असतात, नाहीतर काठीनं झोडपून पाडलेले. आपटलेला आंबा पिकत नाही, सडतो.

कधी काढायचा, हे झाडच सांगतं. झाडावर पिकलेला एखादा आंबा आपणहून खाली पडला, म्हणजे पाड पडला, की बाकीचे तयार होत आलेत असं समजा. मग जरा निरखून बघा. देठाजवळचे खांदे वर उचललेले दिसतात, देठ खड्ड्यात बसल्यासारखा वाटतो आणि गडद हिरवा रंग फिका होऊ लागतो. कोकणातले बागायतदार याला ‘चौदा आणे तयार’ म्हणतात. पूर्ण पिकणं म्हणजे सोळा आणे, त्यातले दोन आणे घरी आढीत पुरे होतात. अजून शंका आहे? एक आंबा पाण्याच्या बादलीत टाका. बुडाला तर बहुतेक तयार, तरंगला तर आठवडाभर कळ काढा.

काढायचा तो झेल्यानं. लांब काठी, टोकाला जाळी, जाळीच्या तोंडाशी पातं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं त्यात सुधारणा करून ‘नूतन झेला’ आणला. त्यानं आंबा देठासकट कापून अलगद जाळीत येतो. दोन बोटं देठ राहू द्यायचाच. तो मोडला की चीक सालीवर ओघळतो आणि काळे डाग पडतात. हा चीक अंगावरही घेऊ नका, पुरळ उठतं. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, विसरू नका! भर उन्हात आंबे उतरवू नका. सकाळी दहाच्या आत नाहीतर चारनंतर.

मग आढी. भाताचा पेंढा मिळाला तर उत्तम, नाहीतर खोका आणि कोरा कागद चालतो. एकावर एक दडपू नका, रोज हात फिरवा, डागी फळ बाजूला काढा. बाजारात आंबा झटपट पिकवण्यासाठी बंदी असूनही कॅल्शियम कार्बाइड वापरल्याच्या बातम्या येतातच. तुमच्या खाटेखालच्या आढीत ते टेन्शनच नाही. कच्चा आंबा फ्रिजमध्ये मात्र नको, धड पिकत नाही.

आता जरा सीरियस. जून आला की जांभळं. जांभळाची फांदी ठिसूळ असते, धडधाकट दिसते आणि कडाडकन मोडते. त्यामुळे पोरांना वर चढवू नका, स्वतः तर नाहीच. खाली जुनी चादर धरा आणि काठीला आकडा लावून फांदी हलवा. चादर अशी घ्या की डागांचं दुःख होणार नाही!

नारळाचा मामला याहून गंभीर. नारळाला वर्षभर पेंडी येत राहते, म्हणजे वाळका नारळ आणि झावळी कधीही खाली येऊ शकते. दर दोन-तीन महिन्यांनी पाडेली बोलवायलाच हवा. तो आला की खालच्या गाड्या आणि मुलं हलवायची, एवढं तरी करा. चढणारी माणसं कमी होत चालली आहेत, तेव्हा चांगला माणूस भेटला तर नंबर जपून ठेवा आणि पैशांवरून घासाघीस करू नका. तो वर गेल्यावर बुंधा पोकळ आहे का, शेंडा वाळतोय का, हेही त्याला विचारा. २०१७ च्या जुलैमध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्यानं चाललेल्या एका महिलेवर नारळाचं झाड कोसळलं आणि तिचा जीव गेला. झाड धोक्याचं वाटलं तर महापालिकेकडे लेखी अर्ज करा आणि पाठपुरावा सोडू नका. स्वतःच्या कंपाउंडमधलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे.

गावाकडच्या घरी काजू असेल तर ती मजा वेगळीच. बोंड पिकून आपोआप खाली पडू द्या, मग बी पिळून वेगळी करा आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. इथपर्यंतच! बी गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये भाजायचा उत्साह आवरा. टरफलातलं तेल बिब्ब्यासारखं उततं, धुरानं डोळे चुरचुरतात. फोडायचं काम गावातल्या कारखान्याकडे सोपवा. ओल्या काजूची उसळ हवी असेल तर सोलताना हाताला खोबरेल चोपडा.

चिकू मात्र फसवा, रंगावरून काही कळत नाही. नखानं हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर राहू द्या, पिवळट दिसलं तर काढा. आणि शेंड्यावरची चार फळं पोपट-वटवाघळांना सोडा, तसंही तिथवर झेला पोचत नाही.

राहता राहिलं वाटप. बत्तीस फ्लॅट, एकशे दहा आंबे आणि ‘झाड आमच्या खिडकीसमोर आहे’ म्हणणारे तळमजल्यावरचे काका... यावर आमच्याकडे काहीच टिप नाही. सेक्रेटरींना शुभेच्छा!