मोरीची फरशी : ॲसिड नको, सोडा, काथ्या आणि कोरडेपणा पुरे



वर्षावास जवळ आला की पाऊस येतो आणि पावसाबरोबर मोरीत शेवाळ, बुरशी आणि कुबट वासही येतो. शिवाय १४ एप्रिल असो, बुद्ध पौर्णिमा असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन, सणाच्या आधी आपल्याकडे घर वरपासून खालपर्यंत धुऊन काढायची रीत आहे. अशा वेळी नाक्यावरच्या दुकानातून ॲसिडची बाटली आणली जाते. मोरीत ओततो, फेस येतो, धूर निघतो आणि आपल्याला वाटते की मळ निघाला. खरे तर त्या फेसात मळ थोडा आणि आपली फरशी जास्त जात असते. धूर जातो तो आपल्या छातीत. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही मोरीच्या दगडी फरशीचा विषय घेतला आहे.

धम्मात नहाणीघराचा विचार

नहाणी धुणे हा काही हलका विषय नव्हे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या स्नानगृहाविषयी, म्हणजे जंताघराविषयी, बारीकसारीक नियम आहेत. तिथे चिखल होऊ लागला तेव्हा तथागतांनी विटांची, दगडाची किंवा लाकडाची फरशी घालण्यास आणि पाणी वाहून जाण्यासाठी नाली काढण्यास अनुमती दिली. स्नान झाल्यावर जंताघर चिखलाने माखले असेल तर ते धुऊन ठेवावे, असेही तिथे सांगितले आहे. फरशी, उतार, नाली आणि वापरून झाल्यावर धुणे, एवढ्या चार गोष्टी आजही मोरीला पुरतात. लक्षात घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. धुण्याचे काम तिथे जन्मावर ठरत नाही. जो वापरतो तो धुतो.

आपल्या मोरीत कोणता दगड आहे?

वस्तीतल्या बहुतेक घरांत मोरीला शहाबादी फरशी असते. ती कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून आपल्याकडे आली, म्हणून तिचे नाव शहाबादी. ओट्याला आणि काही ठिकाणी मोरीच्या कठड्याला काळा कडप्पा असतो. तो आंध्र प्रदेशातील कडप्पा भागातला. हिरवट कोटा राजस्थानातला. हे तिन्ही दगड चुनखडीचे आहेत. संगमरवरही त्याच कुळातला. घर नवे बांधले असेल तर मोरीत ग्रॅनाइट किंवा भाजलेल्या मातीची चकचकीत टाइल असू शकते.

चुनखडीचा दगड ओळखायचा सोपा उपाय आहे. कोपऱ्यात, नजरेस पडणार नाही अशा जागी लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर दगड चुनखडीचा आहे. लगेच पाण्याने धुऊन टाका. ग्रॅनाइटवर किंवा सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर, ज्यात अजिंठ्याची लेणी कोरली आहेत, असे बुडबुडे येत नाहीत.

ॲसिड ओतल्यावर काय होते?

चुनखडी आम्लात विरघळते. ॲसिड पडले की दगडाचा वरचा थर विरघळतो आणि त्यातून वायू निघतो. आपल्याला दिसणारा फेस तो हाच. वरचा गुळगुळीत थर गेला की दगड खरबरीत होतो, त्याला बारीक भोके पडतात आणि पुढच्या वेळी मळ त्या भोकांत जाऊन बसतो. मग फरशी लवकर काळी पडते, आपण पुन्हा ॲसिड आणतो आणि दगड आणखी झिजतो.

दगडापेक्षा आधी खराब होतात ते सांधे. दोन लाद्यांमधले सिमेंट ॲसिडने मऊ होऊन वाहून जाते. सांधा उघडा पडला की पाणी फरशीखाली मुरते. तिथून वास येतो, झुरळे येतात आणि शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल चढते. टाइल ॲसिडने खराब होत नाही असे दुकानदार सांगतात. टाइल टिकते, पण सांधे टिकत नाहीत.

आणखी एक गंमत समजून घ्या. बोअरच्या जड पाण्याने फरशीवर आणि नळाखाली जो पांढरा थर चढतो, तोही मुख्यतः चुनखडीचाच असतो. थर आणि दगड एकाच जातीचे, म्हणजे थर खाणारे आम्ल दगडही खाणारच. लिंबू, व्हिनेगर आणि चिंच यांनाही हाच नियम लागू आहे. चिंच लावून तांब्या-पितळेची भांडी मोरीत घासली की शहाबादीवर आणि कडप्प्यावर पांढुरके डाग उरतात ते यामुळेच. भांडी परातीत ठेवून घासावीत.

खरा धोका : ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र

हा भाग घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

जास्त स्वच्छ होईल या समजुतीने पुष्कळ जण आधी ब्लीचिंग पावडर टाकतात आणि वरून ॲसिड किंवा संडास साफ करायचे लिक्विड ओततात. त्या लिक्विडमध्येही बहुधा ॲसिडच असते. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खालीच साचून राहतो. मोरी चार बाय चारची, खिडकी नाही, आणि आपण उकिडवे बसून घासतो. म्हणजे आपले नाक नेमके त्या वायूतच असते.

डोळे आणि नाक चुरचुरणे, ठसका, छाती आवळल्यासारखी होणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे आहेत. असे झाले तर हातातले काम तिथेच सोडून मोकळ्या हवेत या. दार उघडे राहू द्या. बादली उचलायला किंवा पाणी ओतायला पुन्हा आत जाऊ नका. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठा किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. दमेकऱ्यांनी आणि लहान मुलांच्या आयांनी वाट पाहू नये. कधी कधी त्रास काही तासांनी वाढतो, म्हणून बरे वाटले तरी त्या दिवशी एकटे राहू नका.

लघवीमध्ये अमोनिया असतो. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली तरी छातीला त्रास देणारा वायू निघतो. म्हणून मुले मोरीत लघवीला बसत असतील तर आधी भरपूर पाणी ओता आणि नंतरच ब्लीचिंग वापरा.

ॲसिड अंगावर उडाले तर

- लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि किमान २० मिनिटे धरून ठेवा. भिजलेले कपडे, बांगड्या, अंगठी काढून टाका.
- हळद, टूथपेस्ट, सोडा, तेल यांपैकी काहीही लावू नका.
- डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाणी सोडा आणि मग लगेच दवाखान्यात जा.
- चुकून प्यायले गेले तर ओकारी काढू नका. तोंड धुवा आणि बाटली सोबत घेऊन इस्पितळात जा.

थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड कधीही ठेवू नका. तहानलेले मूल बाटलीचा रंग पाहते, आत काय आहे ते पाहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली लक्ष्मी यांच्या याचिकेवर ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. ओळखपत्र पाहिल्याशिवाय आणि नोंद ठेवल्याशिवाय ते विकता येत नाही, तसेच १८ वर्षांखालील मुलांना देता येत नाही. म्हणून लेकराला ॲसिड आणायला दुकानात पाठवू नका.

मग धुवायचे कसे?

*रोज :* शेवटची अंघोळ झाली की दोन-तीन तांबे पाणी ओतून साबणाचा फेस घालवा. खराट्याने किंवा रबरी वायपरने पाणी नहाणी ट्रॅपकडे ओढा आणि दार उघडे ठेवा. पांढरा थर पाणी वाळताना बसतो. पाणी ओढून काढले तर थर धरतच नाही. शेवाळ आणि बुरशीही ओलीवरच जगतात. रोजची ही दोन मिनिटे आठवड्याचा अर्धा तास वाचवतात.

*आठवड्यातून एकदा :* अर्धी बादली गरम पाण्यात धुण्याच्या सोड्याचे दोन मोठे चमचे विरघळवा. फरशीवर पसरून १०-१५ मिनिटे राहू द्या. मग काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. सोडा आम्लाच्या उलट स्वभावाचा असल्याने चुनखडीला खात नाही, पण तेल आणि साबणाचा चिकट थर सोडवतो. सोड्याने हात कोरडे पडतात, म्हणून हातमोजे घाला. नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या मनगटाला बांधा. तारेची घासणी वापरू नका. तिचे ओरखडे उठतात आणि तुटलेल्या तारा गंजून डाग पाडतात.

*बुरशी आणि काळ्या सांध्यांसाठी :* सोड्याने धुऊन झाल्यावर एक लिटर पाण्यात ब्लीचिंग पावडरचा एक मोठा चमचा घाला. गाळ खाली बसू द्या आणि वरचे पाणी सांध्यांवर ओता. १० मिनिटांनी धुऊन टाका. दार उघडे हवे आणि त्या दिवशी दुसरे कोणतेही लिक्विड वापरायचे नाही. कडप्प्यावर आधी कोपऱ्यात करून पाहा, रंग उतरू शकतो.

*तेलाचा डाग :* पीठ आणि धुण्याचा सोडा यांचा पाणी घालून लेप करा, डागावर लावा आणि वर प्लास्टिक ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी खरवडून धुवा. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावे लागते.

*जुना पांढरा थर :* ओला करून लाकडी पट्टीने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने हळूहळू खरवडा. एका दिवसात सगळा काढायचा हट्ट नको.

*गंजाचा डाग :* तो पडूच न देणे बरे. लोखंडी पिंप फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा. पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी बदलून ती जात नाहीत.

सांधे आणि उतार

सांधा उघडा पडला असेल तर खिळ्याने सैल माती खरवडा, धुवा आणि पांढऱ्या सिमेंटची घट्ट पेस्ट दाबून भरा. रुंद सांध्याला सिमेंटमध्ये बारीक चाळलेली वाळू घाला. सुकल्यावर दोन-तीन दिवस ओले कापड टाकून ठेवा, म्हणजे सिमेंट पक्के होते. कोपऱ्यात पाणी साचत असेल तर उतार चुकला आहे. तिथे गवंड्यालाच बोलवा. तो दगड कापणार असेल तर पाणी मारूनच कापायला सांगा, दगडाची कोरडी धूळ फुप्फुसाला घातक असते. नहाणी ट्रॅपमधून वास येत असेल तर जाळी काढून केस आणि गाळ काढा. गावाला जाऊन आल्यावर वास आला तर ट्रॅपमधले पाणी वाळले आहे. तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो.

घसरणे आणि चिखल्या

म्हाताऱ्या माणसांचे खुब्याचे हाड मोडते ते पुष्कळदा मोरीत. गरोदर बाईलाही हाच धोका. तेल लावून अंघोळ झाली की लगेच सोड्याच्या पाण्याने फरशी धुवा. दगड फारच गुळगुळीत असेल तर पाटा-वरवंट्याला टाकी लावणाऱ्याकडून त्यावर टाकीचे घाव घालून घ्या. भिंतीत एक मजबूत दांडी बसवा. सततच्या ओलीने पायाच्या बोटांत चिखल्या होतात. पाय पुसून कोरडे ठेवा. नायटा झाला तर मेडिकलमधून मनानेच मलम आणू नका. अनेक मलमांत स्टेरॉइड असते, त्याने नायटा आधी दबतो आणि मग पसरतो.

कामावरच्या भगिनींसाठी

आपल्या कित्येक आया-बहिणी दुसऱ्यांच्या घरी आणि ऑफिसांत लाद्या धुतात. तिथे ॲसिड हातात दिले जाते, पण मोजे दिले जात नाहीत. ॲसिड नको म्हणणे अवघड जाते. तेव्हा एवढे सांगा : ॲसिडने तुमचा संगमरवर जातो, चकाकी परत येत नाही. हे खरेही आहे आणि मालकाला पटकन पटणारेही आहे. सोबत हातमोजे मागा. तो उपकार नव्हे, हक्क आहे. बचत गटाच्या किंवा महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय एकदा घ्या. एकटीने मागण्यापेक्षा दहा जणींनी मागितलेले लवकर मिळते.

आणि घरातल्या पुरुषांना एक सांगणे. महाडला बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी पाण्याला हात लावला तो माणूस म्हणून समान हक्कासाठी. तीच समता घरातल्या पाण्यापर्यंत यायला हवी. मोरी सगळे वापरतात, तर खराटा एकीच्याच हातात का? चुल्लवग्गातला नियम घरात लावा : शेवटी अंघोळ करील त्याने फरशी धुऊन, पाणी ओढून बाहेर यावे. यासाठी पैसा लागत नाही. सोडा, काथ्या आणि घरातल्या सगळ्यांचे दोन हात पुरतात.

नमो बुद्धाय! जयभीम!