यकृतात तयार झालेले वाढीचे संप्रेरक

डिसेंबर 1982मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दोन भावंड उंदीर झळकले. त्यातला एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होता. रिचर्ड पामिटर, राल्फ ब्रिन्स्टर आणि सहकाऱ्यांनी रॅटचे वाढीच्या संप्रेरकाचे जनुक घेतले, त्याच्या पुढे उंदराच्या मेटॅलोथायोनिन जनुकाचा प्रमोटर जोडला आणि ही जोडणी फलित अंड्यांत टोचली. त्यातून जन्मलेल्या 21 उंदरांपैकी 7 जणांत ती रुजली आणि त्यांतले 6 भावंडांहून ठळकपणे मोठे झाले. एरवी हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी मोजूनमापून सोडते. इथे ते यकृत तयार करू लागले, कारण मेटॅलोथायोनिनचा प्रमोटर यकृतात जागा असतो. पीयूषिकेचा लगाम त्याला लागू नव्हता.

प्रमोटर म्हणजे जनुकाच्या सुरुवातीला लागून असलेला डीएनएचा पट्टा. कोणतेही प्रथिन कसे घडवायचे हे त्यात लिहिलेले नसते. पेशीतली नियामक प्रथिने त्याला चिकटतात, त्यांच्या आधाराने आरएनए पॉलिमरेज हे विकर तिथे बसते आणि जनुकाची आरएनए प्रत काढू लागते. नियामक प्रथिनांचा संच प्रत्येक प्रकारच्या पेशीत वेगळा असतो, म्हणून डीएनए तोच असूनही यकृत यकृत राहते आणि स्वादुपिंड स्वादुपिंड. पाठ्यपुस्तकांत प्रमोटरची खूण म्हणून ‘टाटा बॉक्स’ शिकवला जातो. प्रत्यक्षात उंदराच्या बहुतेक प्रमोटरांत तो नसतो, त्याऐवजी सी आणि जी या अक्षरांची दाटी असते. तोच डीएनए प्रत्येक प्रकारची पेशी वेगळा वाचते, म्हणूनच ‘अमुक गुणाचे जनुक सापडले’ ही बातमी मला नेहमी अर्धीच वाटते. ते जनुक कोणत्या पेशीत आणि केव्हा वाचले जाते, हे कळल्याशिवाय त्याचा परिणाम सांगता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, उंदीर वाढला तो संप्रेरकामुळे. प्रमोटरला श्रेय कशाला? याचे उत्तर 1985च्या प्रयोगात मिळते. तेव्हा माणसाच्या वाढीच्या संप्रेरकाचे जनुक इलॅस्टेज या पाचक विकराच्या प्रमोटर-भागाला जोडले. जेमतेम 200 अक्षरांचा तो तुकडा होता, तरी संप्रेरक स्वादुपिंडातल्या पाचकरस बनवणाऱ्या पेशींत तयार झाले. संप्रेरकाचेच जनुक, पण पुढचा तुकडा बदलताच त्याचे ठिकाण बदलले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उंदराच्या पायांची बोटे घडवणाऱ्या ‘सॉनिक हेजहॉग’ जनुकाला पायाच्या अंकुरात चालू करणारा डीएनएचा तुकडा, म्हणजे एन्हान्सर, त्याच्यापासून सुमारे 10 लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. 2005मध्ये जपानी संशोधकांनी तो काढून टाकला, तेव्हा पायांचा टोकाकडचा भाग नीट घडलाच नाही. म्हणजे खरा निर्णय प्रमोटरच्या बाहेर होतो, असे म्हणावे का? काही अंशी हो, आणि हे मान्य न करता प्रमोटरचे महत्त्व सांगणे अपुरे आहे. इलॅस्टेजच्या त्या तुकड्यातही एन्हान्सर सामावलेला होता. मात्र एन्हान्सर कितीही दूर असला तरी त्याचा प्रभाव पडतो तो प्रमोटरवरच. आरएनएची प्रत तिथूनच सुरू होते.

औषधनिर्मितीने हे ज्ञान लवकर उचलले. 1987मध्ये दुधातल्या प्रथिनाचा प्रमोटर वापरून उंदराच्या दुधात रक्ताची गुठळी विरघळवणारे मानवी प्रथिन मिळवले गेले. पुढे शेळीच्या दुधातल्या केसिनच्या प्रमोटरवर तीच पद्धत चालली आणि अशा शेळ्यांच्या दुधातून काढलेल्या अँटिथ्रॉम्बिनला 2006मध्ये युरोपात, तर 2009मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली.