प्रदर्शन उतरल्यानंतर

चित्र पाहावे सामान्यांनी आणि विकत घ्यावे धनिकांनी, अशी एक समजूत आपल्या मध्यमवर्गात रुजलेली आहे. मूळ चित्रांच्या किमती पाहता ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु कलादालनाच्या विक्री-टेबलावर शिक्षकाला वा कारकुनालाही परवडू शकतील अशा दोन वस्तू असतात: छापील चित्र आणि प्रदर्शनाची पुस्तिका.

छापील चित्र घरी आणणे महाराष्ट्राला नवे नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळील मळवलीला गेला. तेथील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. आधुनिक चित्रकलेला मात्र त्या भिंतींवर क्वचितच जागा मिळाली.

येथे ग्राहकाने एक भेद ध्यानात ठेवावा. धातूच्या पत्र्यावर, लाकडावर किंवा शिळेवर चित्रकाराने स्वतः प्रतिमा घडवून काढलेला ठसा ही नक्कल नव्हे, ती मूळ कलाकृतीच होय. तिच्या समासात बहुधा पेन्सिलीने केलेली सही आणि १२/५० यासारखा आकडा असतो. त्याचा अर्थ, पन्नास प्रतींपैकी बारावी. कृष्णा रेड्डी यांच्यासारख्या कलावंताने पॅरिसमध्ये एकाच पत्र्यावरून अनेक रंग एकदम उमटविण्याच्या तंत्राला आकार दिला, तो याच माध्यमात. याउलट, तैलचित्राचे छायाचित्र घेऊन यंत्रावर छापलेली ती प्रतिकृती. तीही आनंदाने घ्यावी. मात्र खाली सही आहे एवढ्यावरून तिला मुद्राचित्राचे मोल देऊ नये.

पुस्तिकेचे महत्त्व याहूनही अधिक आहे. १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनात एखादे प्रदर्शन साधारणतः आठवडाभर चालते. नंतर चित्रे उतरतात, विकली जातात, चार दिशांना पांगतात. चित्राचे नाव, साल, माध्यम आणि आकार यांची नोंद उरते ती पुस्तिकेत. कलेचा इतिहास लिहिणाऱ्याला पुढे याच पातळ पुस्तिका शोधत हिंडावे लागते. आज रद्दीत जाणारी पुस्तिका उद्याचे अस्सल साधन असते.

दुर्दैवाने हे साधन बहुधा इंग्रजीत असते. वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले आणि त्यानिमित्ताने इंग्रजी ग्रंथही निघाला. मराठीत ‘चिन्ह’ने त्यांच्यावर ग्रंथ काढला, हे भूषणावह खरे, परंतु एका प्रकाशनाच्या जिद्दीवर एका भाषेची कलाजाण किती काळ तगणार?

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक प्रदर्शनाबरोबर चार पानांची का होईना, मराठी पुस्तिका माफक किमतीत मिळावी. सार्वजनिक ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी अशा पुस्तिका नियमाने घेऊन जपाव्यात. शाळेच्या एका भिंतीवर दरवर्षी एक नवे मुद्राचित्र लागावे. आणि रसिकानेही दालनातून रिकाम्या हाताने परतू नये. चित्रकाराला वाहवा हवीच असते. पण त्याचे काम टिकते ते कोणीतरी विकत घेऊन सांभाळल्यामुळे.